निदानार्थकर रोग आणि ऑटोइम्यून व्याधी

एक रोग दुसऱ्या रोगाचे निदान ठरू शकतो, हा विचार चरकाचार्यांनी निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात मांडला आहे. ज्वरसंतापातून रक्तपित्त, प्रतिश्यायातून कास आणि कासातून क्षय ही उदाहरणे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केली. तेथेच सांगितलेला एक सूक्ष्म भेद मात्र परीक्षा संपताच विस्मृतीत जातो. काही रोग दुसऱ्या रोगास जन्म देऊन स्वतः शांत होतात, तर काही जन्म देऊनही टिकून राहतात. ऑटोइम्यून व्याधींचा विचार करताना हा पहिला प्रकार विशेष उपयोगी पडतो, असे आमचे मत आहे. कारण रुग्ण आपल्यासमोर येतो तेव्हा मूळ संसर्ग बहुधा निघून गेलेला असतो.

आमवाताभ ज्वराचे, म्हणजे र्‍हुमॅटिक फीव्हरचे, उदाहरण घेऊ. साधारणतः ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलास स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसादुखी होते. ती चार-सहा दिवसांत बरी होते आणि घरचे लोक ती विसरूनही जातात. पुढे दोन-तीन आठवड्यांनी ज्वर येतो. गुडघा, घोटा, कोपर असे मोठे सांधे एकामागून एक सुजतात. या जंतूच्या आवरणावरील ‘एम’ प्रथिनाचा काही भाग हृदयाच्या स्नायूंतील प्रथिनाशी मिळताजुळता असतो. त्यामुळे जंतूविरुद्ध सज्ज झालेल्या प्रतिकारशक्तीचा आघात स्वतःच्याच हृदयावर होतो. सांध्यांची सूज काही आठवड्यांत मागे कोणतीही खूण न ठेवता ओसरते, हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र राहते.

येथेच वैद्याची कसोटी आहे. संचारी शूल, शोथ, ज्वर आणि अरुची पाहून ‘आमवात’ असे निदान करणे सोपे आहे. लंघन, दीपन-पाचन आणि सिंहनाद गुग्गुळ सुरू केल्यावर आठ-पंधरा दिवसांत सांधे उतरले, तर यश औषधाचे की व्याधीच्या स्वभावाचे? या प्रश्नाचे उत्तर स्टेथोस्कोप, ए.एस.ओ. तपासणी आणि इकोकार्डिओग्राफी यांवाचून मिळत नाही. लहान मुलाचे सांधे सुजले असता गेल्या महिन्यात घसा दुखला होता काय, हे विचारावेच. नकारार्थी उत्तर आले तरी हृदयाची तपासणी टाळू नये. अशा मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी द्यावयाचे पेनिसिलीनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते, कारण प्रत्येक नव्या संसर्गाबरोबर झडपांवर पुन्हा आघात होऊ शकतो. ते आपल्या सल्ल्याने बंद होता कामा नये.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुईयाँ-बारे सिंड्रोमची साथ आली आणि संशयितांसह रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या मलपरीक्षणात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला व संशय दूषित पाण्याकडे वळला. या जंतूचे बाह्यावरण नाडीतंतूंवरील गँग्लिओसाइडशी साम्य दाखवते. अतिसार थांबतो, आणि एक ते तीन आठवड्यांनी पायांतून वर चढणारे दौर्बल्य सुरू होते. अशा रुग्णास वातव्याधी समजून अभ्यंग-स्वेदनात दोन दिवसही घालवणे धोक्याचे आहे. श्वसनाचे स्नायू गळाले तर व्हेंटिलेटर लागतो. त्यास त्वरित रुग्णालयात पाठवावे. बस्ती, अभ्यंग यांचा विचार धोका टळल्यानंतरच्या काळासाठी ठेवावा.

मात्र घसा दुखलेल्या सर्वच मुलांचे हृदय बिघडत नाही, आणि कॅम्पायलोबॅक्टरची बाधा झालेल्या हजारांत सुमारे एकासच हा नाडीविकार होतो. बीजदोष व क्षेत्र यांचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. एच.एल.ए. जनुके, स्त्रीलिंग, धूम्रपान (र्‍हुमटॉइड आर्थ्रायटिसमध्ये याचा वाटा मोठा), ल्यूपसमध्ये सूर्यप्रकाश, हायड्रॅलाझिनसारखी काही औषधे, हे सर्व घटक खवैगुण्य तरी निर्माण करतात किंवा व्यंजक हेतू तरी ठरतात. एपस्टीन-बार विषाणू आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांचा संबंध २०२२ मध्ये अमेरिकन सैनिकांच्या मोठ्या अभ्यासातून ठळक झाला. तो विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो, व्याधी मात्र थोड्यांनाच होते. विप्रकृष्ट हेतूचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

‘आम म्हणजेच अँटीबॉडी’ असे समीकरण परिसंवादांतून वारंवार ऐकू येते. ते आम्हांस मान्य नाही. दोन शास्त्रांच्या परिभाषा ओढूनताणून जुळवल्याने एकाचीही प्रतिष्ठा वाढत नाही. माधवकरांनी आमवाताच्या हेतूंत विरुद्धाहार, मंदाग्नी आणि स्निग्ध भोजनानंतरचा व्यायाम सांगितला. त्याचा उपयोग पथ्य ठरवताना भरपूर आहे, तेवढा पुरे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक वेगळा मुद्दा. कोविडकाळात ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून गुळवेलीचा खप अफाट वाढला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील काहींत ऑटोइम्यून यकृतशोथाची लक्षणे होती. वापरलेल्या वनस्पतीची ओळख पटवली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला, आणि तो रास्तही होता. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जाती बाजारात येऊ शकतात. तथापि आक्षेप रास्त म्हणून नोंद दुर्लक्षिण्याजोगी ठरत नाही. थायरॉइड, ल्यूपस, र्‍हुमटॉइड किंवा ऑटोइम्यून यकृतविकाराच्या रुग्णाने दुकानात येऊन गुळवेल मागितल्यास त्याला आधी वैद्याकडे पाठवावे, आणि कच्चा माल घेताना वनस्पतीची ओळख पटवणारे प्रमाणपत्र पुरवठादाराकडून लेखी मागून घ्यावे.