आधी प्रश्न, मग बुद्ध

मुलांसाठी बुद्धचरित्र म्हटलं की लुंबिनी, राजवाडा, चार दृश्यं आणि गृहत्याग हा क्रम ठरलेला. जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुका यांनी तो मोडला. 1972 ते 1983 या काळात मुलांच्या मासिकांतून क्रमशः आलेल्या त्यांच्या ‘बुद्ध’ या मांगा मालिकेत सुरुवातीला सिद्धार्थ नाहीच. तिथे आहेत चाप्रा आणि तत्ता.

चाप्रा गुलाम आईचा मुलगा. कोसल राज्याच्या सेनापतीचा जीव वाचवून, जन्म लपवून तो त्याचा दत्तक पुत्र होतो. सत्य उघड होताच मायलेक दोघंही जिवानिशी जातात. तत्ता तर गुलामांहूनही खालचा मानलेला. प्राण्यांच्या मनात शिरण्याची शक्ती त्याच्याकडे आहे, पण माणसांच्या जगात त्याला जागा नाही. ही दोन्ही पात्रं तेझुकांच्या कल्पनेतली.

या रचनेतच मालिकेचं मोठेपण आहे. जन्मावरून माणसाची किंमत का ठरावी, हा प्रश्न वाचणाऱ्या मुलाच्या मनात आधी पेटतो. बुद्ध त्यानंतर येतो. त्यामुळे धर्म पाठ करण्याचा विषय राहत नाही, तो गरजेचा होतो.

तेझुका वैद्यकशास्त्र शिकलेले होते, किशोरवयात त्यांनी ओसाकावरचे बॉम्बहल्ले पाहिले होते. जिवाचं मोल हा त्यांच्या साऱ्या लेखनाचा गाभा. एका माणसाला वाचवताना अनेक प्राण्यांचा बळी देणाऱ्या नारदत्ताला इथे जनावरासारखं जगण्याची शिक्षा मिळते. आणि पुढे बुद्धाच्या इतक्या जवळ आलेला तत्ता अखेर कोसलवरच्या सूडापायी युद्धात मरतो. उपदेश ऐकला म्हणजे द्वेष संपतो, असं खोटं आश्वासन तेझुका मुलांना देत नाहीत.

1956 साली नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या महाराष्ट्राला तत्ताची वेदना समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच ही मालिका आपल्या किशोरांच्या हाती जायला हवी. तीत हिंसा आणि नग्नता आहे, तेव्हा लहानग्यांना ती देऊ नये; थोड्या मोठ्या मुलांसोबत पालकांनीही वाचावी. परंपरेतलं काय आणि तेझुकांच्या कल्पनेतलं काय, हे सांगावं. मात्र चाप्राला का मरावं लागलं, असं मुलानं विचारलं, तर घाईने उत्तर देऊ नये. त्या प्रश्नासोबत त्याला पुढचे खंड वाचू द्यावेत.