सर्पदंश: जुने उपाय पुसायला हवेत

संगणकाच्या भाषेतले एखादे फंक्शन बाद झाले की तिच्या माहितीपुस्तिकेतून त्याचा उल्लेखही काढावा लागतो. तो तसाच राहिला, तर नवशिका नेमके तेच वापरतो. प्रथमोपचारांचेही असेच आहे, फक्त इथे चुकीची किंमत हातापायाने किंवा जिवाने मोजावी लागते.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यावर आहुपे आहे. भातलावणीच्या दिवसांत चिखलात, गवतात, बांधावर हात-पाय घालावेच लागतात आणि याच दिवसांत सर्पदंशही वाढतात. घोडेगावच्या दवाखान्याकडे जाणारा रस्ता डिंभे जलाशयाच्या कडेने वळणे घेत जातो. अशा ठिकाणी पहिल्या काही मिनिटांत घरचे काय करतात, याला फार महत्त्व असते.

'दंशाच्या वर घट्ट दोरी बांधा, ब्लेडने चीर द्या, विष चोखून थुंका' हे एके काळी पुस्तकांतूनच शिकवले जाई. आज हे तिन्ही उपाय बाद आहेत. घट्ट दोरीने रक्तपुरवठा तुटून अवयव सडू शकतो. घोणस किंवा फुरसे चावल्यास रक्त गोठत नाही. अशा वेळी चीर दिली तर रक्तस्राव थांबत नाही. चोखून विष निघत नाही.

मग करायचे काय? रुग्णाला धीर द्या, चालवू नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून चावलेला अवयव स्थिर ठेवा आणि १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा. दोरी आधीच बांधली असेल तर ती वाटेत सोडू नका. ती डॉक्टरांसमोरच सोडावी. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका. भारतात मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. लहान मुलांनाही मोठ्यांइतकाच डोस लागतो, कारण साप विष सोडताना वय पाहत नाही.

मण्यारचा दंश अनेकदा दुखतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, त्याच्या पापण्या जड झाल्या, तर दंशाची खूण शोधत बसू नये. झोपताना मच्छरदाणी गादीखाली खोचली, तर हा धोका बराच टळतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांत केला. भारताने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत सर्पदंशाने होणारे मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी लस हवी, वाहन हवे. त्याचबरोबर घरातल्या, शाळेतल्या जुन्या पुस्तकांत आणि तक्त्यांवर ते बाद उपाय दिसले, तर त्यावर आजच रेघ मारायला हवी.