शिंद्यांच्या छावणीतली होळी आणि दीन अलीची चित्रं

होळी आली की हिंगोली जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर लेंगी सुरू होते, लोक फेर धरून नाचतात. याच समाजाचे पूर्वज बैलांवर धान्य लादून मराठ्यांच्या फौजांना पोचवायचे. मग त्या फौजांच्या छावणीत होळी कशी व्हायची?

याचं उत्तर 1813 साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकात आहे. लेखक थॉमस ब्रॉटन हा ब्रिटिश अधिकारी. 1809 मध्ये तो दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता आणि तिथून भावाला पत्रं लिहायचा.

पण इंग्रज तिथे करत काय होता? 1803 मध्ये असईला, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांची फौज वेलस्लीकडून हरली. त्यानंतर कंपनीचा वचक वाढला. शिंद्यांची छावणी उत्तरेत फिरत असताना कंपनीचा रेसिडेंटही सोबत असायचा. ब्रॉटन त्याच्या पहाऱ्याच्या तुकडीचा प्रमुख होता.

होळीला ही पाहुणेमंडळी दौलतरावांकडे गेली. अबीर होता शिंगाड्याच्या पिठाचा, रक्तचंदनानं रंगवलेला. नाचणाऱ्या बायका होत्या, गाणी होती. सुरुवात बेताचीच झाली. मग महाराजांनी आग विझवायच्या बंबाचा पाइप स्वतःच्या हातात घेतला! बंबात पिवळं पाणी आणि तो चालवायला अर्धा डझन माणसं. असईचा हिशेब तेवढ्यापुरता तरी चुकता झाला म्हणायचा.

पुस्तकात 10 रंगीत चित्रं आहेत. त्यातल्या एकात कहरवा नाचणारी मुलगी दिसते. कहरवा हे नाव पालखी वाहणाऱ्या कहारांवरून, म्हणजे आपल्याकडच्या भोयांवरून आलंय. नाच दरबारात पोचला तरी नाव कष्टकऱ्यांचंच राहिलं.

ही चित्रं मुळात काढली दीन अली या भारतीय चित्रकारानं. लंडनच्या कारागिरांनी त्यावरून छपाईचे ठसे केले. मुखपृष्ठावर मात्र फक्त ‘एक देशी चित्रकार’ एवढाच उल्लेख. ब्रॉटनचं नाव ठळक. मराठ्यांच्या छावणीवरचं पुस्तक आज चाळताना नजर आधी चित्रांवर जाते, म्हणून हे जास्तच खटकतं.

ब्रॉटनला गाण्यांचीही गोडी लागली होती. 1814 मध्ये त्यानं हिंदी लोककवितांचा संग्रह छापला.

आणि ती छावणी? 1810 मध्ये दौलतरावांनी ती ग्वाल्हेरला कायमची वसवली. शहराच्या त्या भागाला आजही ‘लष्कर’ म्हणतात.