फोनचे घड्याळ आणि इन्सुलिनचा हिशेब

बऱ्याच मराठी घरांत भिंतीवरचे घड्याळ पाच-दहा मिनिटे पुढे लावलेले असते. सकाळची ८.१७ ची लोकल चुकू नये, मुलांची शाळेची बस निघून जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक असते आणि प्रत्येक जण मनातल्या मनात दहा मिनिटे वजा करून चालतो. ही खोड निरुपद्रवी आहे. पण घरात टाइप १ मधुमेह असलेली व्यक्ती असेल आणि तिला दर काही मिनिटांनी किती इन्सुलिन द्यायचे हे फोनमधले ॲप ठरवत असेल, तर त्या फोनच्या घड्याळाशी केलेली अशी चलाखी थेट जिवावर बेतू शकते. त्या ॲपला मनातल्या मनात वजाबाकी करता येत नाही. फोन सांगेल ती वेळ त्याला खरी वाटते.

स्वादुपिंडाचे काम फोनकडे

टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. मग इन्सुलिन आयुष्यभर बाहेरून घ्यावे लागते. हा आजार असलेल्या मुलांची संख्या जगात ज्या देशांत सर्वाधिक आहे, त्यांत भारत आहे. बहुतेक घरांत आजही इंजेक्शन आणि ग्लुकोमीटर यांवरच भिस्त असते. मात्र गेल्या दहा वर्षांत स्वयंचलित इन्सुलिन प्रणाली हळूहळू आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत.

या प्रणालीचे तीन भाग असतात. दंडावर किंवा पोटावर चिकटवलेला सेन्सर त्वचेखालच्या द्रवातील ग्लुकोज सतत मोजतो. अनेक सेन्सर दर ५ मिनिटांनी एक आकडा पाठवतात, म्हणजे दिवसाला २८८ आकडे. दुसरा भाग इन्सुलिन पंप, जो बारीक नळीतून थेंबाथेंबाने इन्सुलिन सोडतो. तिसरा भाग म्हणजे या दोघांमधला मेंदू. शुगर कुठे चालली आहे याचा अंदाज बांधून तो पंपाला आज्ञा देतो.

अशी पहिली व्यावसायिक प्रणाली अमेरिकेत सप्टेंबर २०१६ मध्ये मंजूर झाली. काही रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मात्र तेवढे थांबले नव्हते. स्वतः टाइप १ मधुमेह असलेल्या डेना लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्येच ‘ओपनएपीएस’ ही सर्वांसाठी खुली प्रणाली जाहीर केली. पुढे आयफोनवर चालणारे ‘लूप’ आणि अँड्रॉइडवर चालणारे ‘अँड्रॉइडएपीएस’ ही ॲप तयार झाली. रुग्ण ती स्वतः बांधून, स्वतःच्या जबाबदारीवर वापरतात. न्यूझीलंडमध्ये मुले आणि प्रौढ अशा ९७ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. खुली प्रणाली वापरणाऱ्यांची शुगर इतरांच्या तुलनेत दिवसातून सरासरी ३ तास २१ मिनिटे अधिक काळ योग्य मर्यादेत राहिली. म्हणजे हे तंत्र उपयोगी आहे यात शंका नाही. पण त्याचा सगळा हिशेब वेळेवर उभा आहे.

प्रत्येक नोंदीला वेळेचा शिक्का

ॲप दर वेळी तीन प्रश्न विचारते. आत्ता शुगर किती आहे आणि ती चढते आहे की उतरते आहे? खाल्लेल्यापैकी किती अन्न अजून पचायचे आहे? आणि आधी दिलेल्यापैकी किती इन्सुलिन अंगात अजून काम करते आहे?

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. जलद काम करणारे इन्सुलिनसुद्धा टोचताक्षणी काम संपवत नाही. त्याचा जोर साधारण तासा-सव्वा तासाने सर्वाधिक असतो आणि परिणाम पाच-सहा तास रेंगाळतो. म्हणून ‘किती दिले’ याबरोबर ‘केव्हा दिले’ हेही ॲपला लागते. तीनही प्रश्नांची उत्तरे फोनमधल्या नोंदवहीतून येतात आणि त्या वहीतल्या प्रत्येक ओळीवर वेळेचा शिक्का असतो. घड्याळ हलवले की हा शिक्काच खोटा पडतो.

एका दुपारची गोष्ट

समजा, उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार आहे. बारा वर्षांच्या मुलाने दीड वाजता वरण-भात, पोळी, आंब्याच्या फोडी असे जेवण केले. साधारण ६० ग्रॅम कर्बोदके धरून त्याला ५ युनिट इन्सुलिन दिले गेले. अडीच वाजता तो त्याच फोनवर खेळायला बसला आणि खेळातले सगळे ‘जीव’ संपले. नवे जीव मिळायला वेळ जातो. पण घड्याळ पुढे केले की ते लगेच मिळतात, ही युक्ती शाळेतल्या मित्राने त्याला सांगून ठेवलेली असते. तो घड्याळ चार तास पुढे करतो. फोनमध्ये साडेसहा वाजतात.

आता ॲपच्या दृष्टीने जेवणाला पाच तास झाले. ५ युनिटपैकी जवळपास सगळे संपले आणि अन्नही पचले. प्रत्यक्षात एकच तास झाला आहे आणि निम्म्याहून अधिक इन्सुलिन अंगात बाकी आहे. जेवणानंतर तासाभराने शुगर १९० असणे तसे अनपेक्षित नाही, कारण आधीचे इन्सुलिन तिला खाली आणणारच आहे. पण ॲपला दिसते ते असे: जेवून पाच तास झाले, अंगात इन्सुलिन नाही, तरी शुगर १९०. ते आणखी दीड-एक युनिट सोडायला सांगते. इन्सुलिनवर इन्सुलिनचा थर चढतो.

दहा मिनिटांनी मुलगा गुपचूप घड्याळ पूर्ववत करतो. फोनमध्ये पावणेतीनच्या आसपासची खरी वेळ येते. प्रकरण मिटले असे त्याला वाटते. खरे तर दुसरा धोका इथे सुरू होतो. नोंदवहीत आता साडेसहाच्या सुमाराच्या काही ओळी लिहिलेल्या आहेत, म्हणजे अजून न आलेल्या वेळेच्या. शुगरचा सर्वांत ‘ताजा’ आकडा शोधताना ॲपची गाठ या भविष्यातल्या आकड्याशी पडू शकते. मग खरी शुगर घसरत असतानाही जुनाच चढा आकडा धरून गणित होऊ शकते. नुकतेच दिलेले दीड युनिटही वहीत साडेसहाच्या खात्यावर आहेत. ‘ते अजून दिलेच नाहीत’ असे समजून ते हिशेबातून वगळले जाण्याची शक्यता असते. काही ॲप अशा वेळी गोंधळून काम थांबवतात, काही चुकीचे काम चालू ठेवतात. कोणते ॲप काय करेल हे त्याच्या रचनेवर आणि आवृत्तीवर अवलंबून असते.

संध्याकाळी खरोखर साडेसहा वाजतात तेव्हा दुपारचे ते आकडे ‘आत्ताचे’ म्हणून पुन्हा समोर येतात. मुलगा त्या वेळी मैदानात क्रिकेट खेळत असतो आणि धावपळीने त्याची शुगर आधीच खाली येत असते.

शुगर ७० च्या खाली गेली की हात थरथरणे, घाम येणे, चिडचिड सुरू होते. ५४ च्या खालची पातळी गंभीर मानली जाते. त्याहून घसरण झाली तर फिट येणे, शुद्ध हरपणे असे प्रसंग ओढवतात. ‘लूप’च्या माहितीपुस्तिकेत फोनची वेळ हाताने बदलू नये असा स्पष्ट इशारा आहे, तो यासाठीच. त्यात खेळांसाठी घड्याळ बदलण्याचा उल्लेखही आहे. नव्या आवृत्त्या फोनची वेळ गडबडली आहे असे दिसल्यास सूचनाही देतात. पण सूचना येईपर्यंत वाट पाहण्यात अर्थ नाही.

मग परदेशी जाताना काय?

मुलगी न्यू जर्सीत, मुलगा लंडनमध्ये अशी अनेक मराठी कुटुंबे आहेत. तिथे जाताना घड्याळ बदलावेच लागते. मग ते धोक्याचे का नाही?

फोन आतमध्ये एकच जागतिक वेळ मोजत असतो. ती मुंबईत आणि लंडनमध्ये सारखीच असते. पडद्यावर दिसणारी वेळ म्हणजे त्या जागतिक वेळेत स्थानिक फरक मिळवून केलेली बेरीज. भारतासाठी हा फरक साडेपाच तासांचा. विमानातून उतरल्यावर फोनने आपणहून टाइम झोन बदलला तर फक्त ही बेरीज बदलते. दोन तासांपूर्वी दिलेले इन्सुलिन दोन तासांपूर्वीचेच राहते.

घोटाळा होतो तो फोनला नेटवर्क मिळत नाही तेव्हा. उतरल्यावरही फोन भारतातली वेळ दाखवतो आणि प्रवासी टाइम झोन ‘भारत’ तसाच ठेवून हाताने तास मागे करतो. पडद्यावर लंडनची वेळ बरोबर दिसते, पण फोनच्या आतली जागतिक वेळ काही तासांनी मागे गेलेली असते. वर सांगितलेल्या दुपारसारखीच ही चूक, फक्त उलट्या दिशेने. अशा वेळी विमानतळाच्या वायफायला फोन जोडावा. तेही जमत नसेल तर तास-मिनिटांना हात न लावता टाइम झोनच्या यादीतून फक्त शहर निवडावे.

एक प्रश्न तरीही उरतो. पहाटे अनेकांची शुगर चढते, म्हणून त्या वेळी पंपाचा मूळ इन्सुलिनचा वेग, म्हणजे बेसल, जास्त ठेवलेला असतो. हे वेळापत्रक घड्याळाच्या तासांनुसार चालते. हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. पंप भारतीय वेळेवरच राहिला तर पहाटेचा वाढीव डोस तिथे संध्याकाळी सुरू होईल. शरीर नव्या वेळेला रुळायलाही काही दिवस लागतात. काही प्रणाली हा बदल आपोआप करतात, काहींमध्ये तो वापरणाऱ्याने करायचा असतो. म्हणून तिकीट काढल्यावर आपल्या मधुमेहतज्ज्ञांशी या एका मुद्द्यावर वेगळे बोलून घ्यावे. युरोप-अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळे एक तास पुढे-मागे होतात. तिथे राहणाऱ्यांनी त्या दिवशी पंपाची वेळ तपासावी.

ज्या प्रणालींत गणित फोनऐवजी पंपातच होते, तिथे पंपाचे घड्याळ महत्त्वाचे. अनेक पंपांत ते हाताने लावावे लागते आणि सकाळ-संध्याकाळ यांची अदलाबदल ही तिथली नेहमीची चूक. बारा तासांचा फरक पडला की रात्रीचे इन्सुलिन दिवसा आणि दिवसाचे रात्री मिळू लागते.

घड्याळ हलले असे कळले तर

सर्वांत आधी ॲपचा स्वयंचलित कारभार बंद करावा, म्हणजे ते आपणहून इन्सुलिन वाढवणार नाही. मग ग्लुकोमीटर काढून बोटातून रक्त घेऊन शुगर मोजावी. त्या घडीला सेन्सरच्या आकड्यांपेक्षा ॲपमधल्या नोंदींवर कमी विश्वास असतो, म्हणून ही तपासणी टाळू नये. शुगर ७० च्या खाली असेल तर आधी साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नये आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे.

त्यानंतर फोनची वेळ ‘स्वयंचलित’वर आणावी आणि पुढच्या वेळेचा शिक्का असलेल्या शुगर, इन्सुलिन आणि जेवणाच्या नोंदी शोधून काढून टाकाव्यात. आयफोनमध्ये या नोंदी ‘हेल्थ’ ॲपमध्येही साठलेल्या असतात, त्यामुळे इन्सुलिनचे ॲप काढून पुन्हा टाकल्याने त्या जात नाहीत. खरोखर किती इन्सुलिन गेले हे पंपाच्या स्वतःच्या नोंदीवरून पाहावे. चुकीच्या काळात दिलेल्या इन्सुलिनचा परिणाम ओसरेपर्यंत, म्हणजे साधारण सहा तास, स्वयंचलित कारभार बंदच ठेवणे शहाणपणाचे. काही शंका असेल तर डॉक्टरांना फोन करावा.

आधीच घ्यायची काळजी

• सेटिंगमध्ये वेळ आणि टाइम झोन दोन्ही ‘स्वयंचलित’ आहेत का, ते आजच पाहावे. अँड्रॉइडवर ही दोन वेगळी बटणे असतात.

• इन्सुलिनसाठी जुना, सिमकार्ड नसलेला फोन वापरत असाल तर तो अधूनमधून वायफायला जोडावा. बॅटरी पूर्ण संपून फोन पुन्हा सुरू झाला की आधी तारीख आणि वेळ पाहावी.

• मुदत संपलेले ॲप चालवण्यासाठी तारीख मागे नेणे, उशीर होऊ नये म्हणून फोन दहा मिनिटे पुढे ठेवणे, अशा युक्त्या या फोनवर करू नयेत.

• शक्य असल्यास खेळ दुसऱ्या फोनवर असावेत. एकच फोन असेल तर पालक-नियंत्रणातून घड्याळाची सेटिंग कुलूपबंद करता येते का, ते तपासावे.

• घरातल्या भावंडांना आणि आजी-आजोबांनाही हे सांगून ठेवावे. फोन कुणाच्याही हातात जातो.

मुलांशी बोलताना धाक दाखवून फारसे साधत नाही. घड्याळ बदलले म्हणून ओरडा बसणार असेल तर मूल ते लपवेल आणि त्या सहा तासांत लपवणे हाच सर्वांत मोठा धोका असतो. ‘हे घड्याळ तुझ्या इन्सुलिनचे आहे, ते हलले तर लगेच सांग, कुणी रागावणार नाही’ एवढे त्याला समजले तरी पुरे. भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे राहू द्यावे. लोकल गाठायला ते उपयोगाचे आहेच.