डाग आणि पाण्याची वाट : ओलीच्या दुरुस्तीविषयीचे गैरसमज

महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई परिसरात आणि कोकणपट्टीत, घरदुरुस्तीची जी कामे वर्षानुवर्षे संपत नाहीत, त्यांत भिंतींची ओल आणि स्लॅबची गळती यांवरील उपायांचा वाटा फार मोठा आहे. दिवाळीपूर्वी भिंत खरवडून पुट्टी भरली जाते, वर नवा रंग चढतो आणि पुढच्या आषाढात त्याच जागी पुन्हा पोपडे निघतात. या अपयशाचे खापर सहसा कारागिरावर किंवा रंगाच्या दर्जावर फुटते. परंतु बहुतेक वेळा दुरुस्ती डागाची झालेली असते, पाण्याच्या वाटेची नव्हे, आणि हेच त्या कामाच्या न संपण्याचे मुख्य कारण असते.

जिथे डाग दिसतो तिथेच पाणी शिरते, हा या विषयातला सर्वांत खर्चिक गैरसमज आहे. वीट, गिलावा आणि काँक्रीट हे तिन्ही सच्छिद्र पदार्थ असून त्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद नळीत द्रव आपोआप चढतो त्या गुणधर्माने, आडवे आणि उभे दोन्ही दिशांनी सरकते. भारतीय मानकानुसार सामान्य प्रतीच्या भाजलेल्या विटेने चोवीस तास पाण्यात बुडवल्यावर आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी शोषलेले चालते. म्हणजे तीन किलोची एक वीट सुमारे 600 ग्रॅम पाणी धरून ठेवू शकते. स्लॅबमध्ये शिरलेले पाणी विजेच्या तारांसाठी टाकलेल्या नळ्यांतून किंवा काँक्रीटमधल्या पोकळ जागांतून वाट काढत शिरकावाच्या जागेपासून बऱ्याच अंतरावर खाली उतरू शकते. म्हणून डाग पाहण्याआधी त्याचे वेळापत्रक पाहणे आवश्यक ठरते. ओल केवळ पावसाळ्यात वाढत असेल, तर बाहेरची भिंत, खिडकीच्या चौकटीभोवतालची फट, छज्जा किंवा गच्ची यांची तपासणी प्रथम करावी लागते. ती बारमाही असेल, तर नळ, सांडपाण्याचे पाइप आणि वरच्या मजल्यावरील न्हाणीघर यांच्यावर संशय घ्यावा लागतो. आणि ती जमिनीलगत सुरू होऊन साधारण कमरेच्या उंचीवर थांबत असेल, तर जोत्यातील ओलरोधक थर नसल्याची किंवा निकामी झाल्याची शक्यता अधिक असते. बाहेरच्या भिंतीवर तुळई आणि विटांचे बांधकाम जिथे मिळते तिथली आडवी भेग विशेष लक्ष देण्याजोगी आहे, कारण काँक्रीट व वीट उन्हाने कमीअधिक प्रसरण पावतात आणि त्या सांध्यावर गिलावा करण्यापूर्वी जाळी ठोकली नसेल, तर भेग कितीही वेळा भरली तरी पुन्हा उघडते.

आतल्या बाजूने जलरोधक रंग दिला की ओल थांबते, हा दुसरा प्रचलित समज आहे. वस्तुतः भिंतीत शिरलेले पाणी खोलीच्या बाजूने बाष्प होऊन बाहेर पडू पाहते आणि येताना विटा, वाळू व सिमेंट यांतील क्षार विरघळवून पृष्ठभागाशी आणते; पाणी उडून गेल्यावर त्या क्षारांचे स्फटिक बनतात, ज्याला बोलीत भिंतीला लोणा लागला असे म्हणतात. रंगाच्या घट्ट पापुद्र्याखाली हे स्फटिक वाढू लागले, की त्यांच्या दाबाने रंग आणि पुट्टी दोन्ही सुटून येतात. पाणी ज्या बाजूने शिरते त्या बाजूचा अटकाव हाच टिकाऊ उपाय असून, आतून केलेला उपचार बाहेरची बाजू हाताशी येतच नसेल तेव्हाचा नाइलाज समजावा. पावसाळा संपताच रंगकाम उरकण्याची घाईही याच कारणाने महागात पडते, कारण चार महिने पाणी प्यालेली भिंत दोन-चार उन्हांत आतून कोरडी होत नाही.

गच्चीवर जितके थर, तितकी सुरक्षितता, असेही मानले जाते. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून केलेला उताराचा थर, सरासरी 10 सेंटिमीटर जाडीचा धरला तरी त्याचे वजन चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरते. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर हा भार 20 टनांच्या घरात जातो. जुना कोबा न काढता त्यावर दुसरा आणि तिसरा चढवणे हे गळतीवरचे औषध नसून इमारतीवर लादलेले ओझे आहे, आणि ते स्पष्टपणे चुकीचे आहे. गच्चीत पाणी साचू नये, एवढा उतार व मोकळे पन्हाळे असले, तर पातळ थरही पुरतो.

सिमेंट वाळल्यावर पक्के होते, हा समज तर बांधकामाच्या जागेवरही आढळतो. सिमेंट घट्ट होते ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक संयोगाने, वाळण्याने नव्हे. पाणी लवकर उडून गेले, तर ती क्रिया अर्धवट राहते आणि पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडतात. यासाठीच काँक्रीटवर साध्या सिमेंटच्या बाबतीत किमान 7 दिवस आणि राखमिश्रित सिमेंटच्या बाबतीत किमान 10 दिवस पाणी मारावे, असे आयएस 456 हे मानक सांगते. दुरुस्तीच्या छोट्या कामात मात्र हेच दिवस सर्वांत आधी कापले जातात. मालात सिमेंट वाढवल्यानेही ही कसर भरून निघत नाही, कारण अति सिमेंटचा गिलावा अधिक आकसतो व अधिक तडकतो. चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्यांच्या आणि जांभ्याच्या घरांच्या बाबतीत हानी आणखी खोल जाते : चुन्याचा गिलावा ओलाव्याला बाहेर पडू देतो, त्यावर कठीण सिमेंट लिंपले की ओल आत कोंडली जाते आणि मऊ मूळ बांधकामच झिजू लागते.

स्लॅबचा खालचा भाग फुगून कपच्या पडू लागल्यास त्याला केवळ प्लास्टरचा दोष मानणे धोक्याचे आहे. निरोगी काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यामुळे आतील सळईवर संरक्षक पटल टिकून राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे ही अल्कता घटली किंवा समुद्री हवेतील क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले, की ते पटल नष्ट होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने तो भोवतालचे काँक्रीट आतून फोडतो. अशा जागी गंज साफ न करता, सळईची उरलेली जाडी न तपासता वरवर माल थापणे म्हणजे आजार झाकणे होय, आणि येथे रंगाऱ्याचा नव्हे, तर संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा लागतो.

शेवटचा गैरसमज खर्चाविषयीचा आहे. घरात उतरणारे पाणी ही ज्याची त्याची अडचण, असे गृहीत धरून अनेक सभासद सामाईक गच्चीतून होणारी गळतीही स्वतःच्या पैशाने आतून झाकत राहतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची तसेच बाहेरील सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणे हे संस्थेच्या खर्चाचे काम आहे. त्याच उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर 3 वर्षांनी करून घेण्याची तरतूद आहे.