डकारचा रेसर, मातीतली शाळा आणि आपल्या हँडलवरचा फोन

एरवी आपण इथे फोन, ॲप्स आणि सेटिंग्जबद्दल बोलतो. आज विषय बाइकचा आहे, पण शेवटी गाडी फोनवरच येऊन थांबणार आहे.

गेल्या पावसाळ्यात मी ताम्हिणी घाटात पडलो. वेग जेमतेम ताशी ४० किमी. हँडलवर फोन, फोनवर मॅप. वळणाच्या तोंडाशी मॅपने रस्ता बदलल्याचं दाखवलं आणि माझी नजर स्क्रीनवर गेली. फार तर दोन सेकंद. मान वर केली तर समोर पाण्याने वाहून आलेली खडी. मी घाबरलो, कडेच्या गटाराकडे बघत राहिलो आणि ब्रेक दाबला. एबीएसने आपलं काम चोख केलं, चाक लॉक झालं नाही. फक्त गाडी सरळ गटारात गेली. कॉलरबोन मोडलं आणि पुढचे सहा आठवडे मी एका हाताने कोड लिहिला.

साधं गणित बघा. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११ मीटर. दोन सेकंदांत २२ मीटर, म्हणजे जवळपास दोन एसटी बसची लांबी, मी न बघता गेलो होतो.

घरी पडल्या पडल्या डकार रॅलीचे व्हिडिओ बघायला लागलो आणि एक प्रश्न डोक्यात बसला. त्या रायडर्सच्या हँडलवर तर माझ्यापेक्षा जास्त यंत्रं असतात. ते दगडधोंड्यांतून ताशी शंभरच्या पुढे जातात आणि त्याच वेळी रस्ताही वाचतात. मग मला ४० वर का जमलं नाही?

कोण आहे सी. एस. संतोष?

उत्तर शोधताना मी बंगळूरूच्या सी. एस. संतोषपर्यंत पोचलो. डकार रॅलीत उतरलेला आणि ती पूर्ण केलेला तो पहिला भारतीय.

डकार म्हणजे ट्रॅकवरच्या चकरा नाहीत. साधारण दोन आठवडे, रोज नवा टप्पा, वाळू, दगड आणि कोरड्या नद्या. २०१५ ची डकार अर्जेंटिना, चिली आणि बोलिव्हियातून गेली, एकूण सुमारे ९,००० किमी. संतोष त्यात ३६ वा आला. आकडा छोटा वाटेल, पण या रॅलीत शेवटपर्यंत पोचणं हीच मोठी गोष्ट असते. पुढे हीरोच्या संघातून तो २०१७ मध्ये ४७ वा आणि २०१८ मध्ये ३४ वा आला.

त्याची सुरुवात मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसमधून झाली, म्हणजे छोटा मातीचा ट्रॅक आणि उंच उड्या. तिथून तो लांब पल्ल्याच्या रॅलीकडे वळला. हा प्रवास सोपा नव्हता. २०१३ मध्ये अबूधाबी डेझर्ट चॅलेंजमध्ये त्याच्या गाडीने पेट घेतला आणि तो भाजला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याने डकार पूर्ण केली.

रेसिंग चालू असतानाच त्याने कर्नाटकात कोलारजवळ ‘बिग रॉक डर्टपार्क’ उभं केलं. मातीत बाइक कशी चालवायची हे शिकवणारी ही शाळा आहे. तिथे फक्त रेसर नाहीत, तुमच्या-माझ्यासारखे साधे रायडरही शिकायला जातात.

डकारच्या हँडलवर नेमकं काय असतं?

संतोष ज्या काळात डकारला उतरला, तेव्हा रायडरसमोर मुख्य वस्तू होती रोडबुक. एका डब्यात कागदाची लांब गुंडाळी. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: किती किलोमीटरवर, तिथे रस्ता कसा दिसेल याचं छोटं चित्र, आणि सूचना. ‘डावीकडे वळा’, ‘खड्डा आहे’, ‘अमुक अंशांच्या दिशेने जा’ अशा स्वरूपाच्या.

जोडीला ट्रिपमीटर, म्हणजे अंतर मोजणारं यंत्र. कागदावरचं अंतर आणि मीटरवरचं अंतर जुळलं की समजायचं, ती जागा आली. चाक घसरलं किंवा वाट चुकली की मीटर पुढेमागे होतो, तो अंगठ्याजवळच्या बटणाने दुरुस्त करायचा.

जीपीएस असतो, पण आपल्यासारखा नकाशा दाखवत नाही. दिशा दाखवतो आणि ठरलेल्या बिंदूच्या बऱ्यापैकी जवळ पोचल्यावरच तिथे नेणारा बाण दाखवतो. तो बिंदू चुकला तर वेळेचा दंड बसतो.

आता मला उमगलेला फरक सांगतो. रोडबुक नोटिफिकेशन पाठवत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये दोन पद्धती असतात. एक पोलिंग: प्रोसेसर स्वतःच्या सोयीने विचारतो, ‘काही नवीन आहे का?’ दुसरी इंटरप्ट: बाहेरचं यंत्र प्रोसेसरचं काम मध्येच थांबवून सांगतं, ‘आधी माझं बघ.’ रोडबुक म्हणजे पोलिंग. रायडर सरळ, मोकळा पट्टा बघतो, क्षणभर नजर टाकतो, पुढची ओळ डोक्यात ठेवतो आणि पुन्हा समोर बघतो. रोडबुक त्याने फिरवल्याशिवाय हलत नाही. शिवाय ही सगळी यंत्रं उंचावर, नजरेच्या रेषेजवळ बसवलेली असतात, त्यामुळे मान खाली घालावी लागत नाही.

आपला फोन म्हणजे सतत इंटरप्ट. मॅप हलतो, व्हॉट्सॲपची पट्टी खाली येते, कॉल येतो. कधी बघायचं हे फोन ठरवतो, आपण नाही. घाटात माझं नेमकं हेच झालं.

डकारमध्ये इंटरप्ट नाहीत असं नाही, पण ते धोक्यासाठी राखून ठेवलेले आहेत. सेंटिनेल नावाचं यंत्र मागून गाडी ओव्हरटेक करायला आली की आवाज करतं. २०२१ पासून धोक्याच्या जागा जवळ आल्यावर आवाजी इशारा मिळू लागला.

मग शाळेत काय शिकवतात?

हात बरा झाल्यावर मी पुण्याजवळ एका दिवसाच्या मातीतल्या क्लासला गेलो. वाटलं, उड्या मारायला शिकवतील. पहिले दोन तास चालण्याच्या वेगाने गाडी चालवण्यात गेले! क्लच अर्धा धरून आठच्या आकड्यात फिरणं, पेगवर उभं राहणं, पडलेली गाडी पाठीला इजा न होता उचलणं. ऑफ-रोड शाळांचा पाया साधारण हाच असतो.

शिकवणाऱ्या दादाचं एक वाक्य दिवसभर चालू होतं: “अरे, जिथे बघशील तिथेच जाशील! खड्ड्याकडे बघू नको, वाटेकडे बघ.” यामागे कारण आहे. घाबरल्यावर नजर धोक्यावर चिकटते, खांदे आणि हात नकळत तिकडेच वळतात आणि गाडीही जाते. माझं गटार आठवा.

संध्याकाळपर्यंत लक्षात आलं, की हा सगळा सराव कशासाठी आहे. क्लच, ब्रेक, तोल हे सवयीने व्हायला लागलं, की डोकं रस्त्यासाठी मोकळं राहतं. डकारचा रायडर रोडबुक वाचू शकतो, कारण त्याचे हातपाय वर्षानुवर्षांच्या सरावाने आपलं काम करत असतात. माझं अर्धं लक्ष गिअर आणि ब्रेकमध्येच अडकलेलं होतं. त्यात फोनने उरलेलं काढून घेतलं.

एबीएस होतं, मग गाडी का थांबली नाही?

भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. चाकावरचा सेन्सर वेग मोजतो. चाक लॉक व्हायला लागलं की यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा देते, असं सेकंदात अनेक वेळा. त्यामुळे घसरून पडण्याचा धोका कमी होतो.

पण एबीएस पकड तयार करत नाही, असलेली पकड वापरतं. खडीवर पकडच कमी, म्हणून थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणूनच अनेक ॲडव्हेंचर बाइक्समध्ये मातीसाठी मागचं एबीएस बंद करायची सोय असते. लॉक झालेल्या चाकापुढे मातीचा ढीग साचतो आणि त्याने गाडी लवकर थांबते. हे फक्त मातीत, तेही शिकल्यावर. डांबरी रस्त्यावर एबीएस चालूच ठेवा.

आणि कुठे वळायचं, हे कुठलंच एबीएस ठरवत नाही. ते आपल्या नजरेचं काम.

इतकं येऊनही अपघात होतो का?

होतो. ६ जानेवारी २०२१, सौदी अरेबिया. डकारच्या चौथ्या टप्प्यात संतोष जोरात पडला. डोक्याला मार लागला. त्याला हेलिकॉप्टरने रियाधच्या हॉस्पिटलमध्ये नेलं आणि डॉक्टरांनी औषधं देऊन कोमात ठेवलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्याच्या संघातला पाउलो गोन्साल्विस डकारमध्येच मरण पावला होता.

२०२१ हेच वर्ष, ज्यात डकारच्या बाइकस्वारांना एअरबॅग वेस्ट सक्तीचं झालं. त्यातले सेन्सर शरीराची हालचाल सतत मोजतात आणि पडतोय असं दिसलं की डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर हवा भरतात. गाडीवर सॅटेलाइट ट्रॅकरही असतो, त्यामुळे वाळवंटातही रायडर नेमका कुठे आहे हे कंट्रोल रूमला कळतं. तंत्रज्ञान अपघातानंतरचे क्षण वाचवतं. आधीचे क्षण रायडरच्या हातात असतात, आणि कधीकधी त्याच्याही हातात नसतात.

संतोष त्यातून बरा होऊन घरी परतला. ही गोष्ट वाचल्यावर मला शिकण्याचं महत्त्व कमी नाही, जास्तच वाटलं. इतकं येणारा माणूस पडू शकतो, तर काहीच न शिकता फोन बघत घाट चढणारा मी कोण?

आपण काय करू शकतो?

मी केलेले बदल सांगतो, तुम्हीही करून बघा.

१. निघण्याआधी रस्ता एकदा पूर्ण बघा. पुढची तीन-चार मोठी वळणं लक्षात ठेवा. हेच आपलं रोडबुक.

२. गाडी चालवताना ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू ठेवा. मॅपचा आवाज एका इअरफोनवर, हळू. आजूबाजूचे हॉर्न ऐकू आले पाहिजेत.

३. फोन शक्यतो खिशात. दमदार इंजिनाच्या व्हायब्रेशनने आयफोनचा कॅमेरा खराब होऊ शकतो, असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं आहे.

४. रस्ता चुकला तर चुकू द्या. पुढे सुरक्षित जागी थांबा, मग बघा.

५. रविवारी मोकळ्या मैदानात अर्धा तास हळू गाडी चालवा, ब्रेक दाबून बघा, आठचा आकडा काढा. जमलं तर एखाद्या शाळेत एक दिवस जा. नव्या एक्झॉस्टपेक्षा तो खर्च जास्त कामाचा आहे.

मागच्या महिन्यात मी पुन्हा ताम्हिणीला गेलो. त्याच वळणाआधी खिशात फोन थरथरला. मी वळण पार केलं, पुढे चहाच्या टपरीवर थांबलो आणि मग बघितलं. बँकेचा ऑफरचा मेसेज होता.