लांडग्यांनी वाढवलेली मुलं : मोगलीच्या शिवनीपासून सुलतानपूरपर्यंत

मोगली शिवनीचा कसा?

नागपूरहून जबलपूरकडे निघालं की पेंचच्या जंगलाच्या आसपास मोगलीच्या नावाच्या पाट्या दिसू लागतात. पेंचचा एक भाग नागपूर जिल्ह्यात, दुसरा मध्य प्रदेशातल्या शिवनी-छिंदवाड्यात. किपलिंगच्या गोष्टींतली वैनगंगा पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहते. त्यामुळे विदर्भाला मोगली आपला वाटला तर नवल नाही. गंमत अशी की मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने या गोष्टी अमेरिकेत, व्हरमाँट राज्यातल्या घरी बसून लिहिल्या. शिवनीचं जंगल त्याला भेटलं ते बहुधा स्टर्नडेल नावाच्या लेखकाच्या १८७७ सालच्या पुस्तकातून. ‘जंगल बुक’ आलं १८९४ मध्ये. लांडग्यांनी माणसाचं मूल वाढवल्याच्या वार्ता मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून उत्तर हिंदुस्थानात फिरत होत्या.

स्लीमनची पुस्तिका

ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपल्याला ठाऊक असलेला इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याने अशा वार्ता गोळा केल्या. त्याची छोटी पुस्तिका १८५२ मध्ये इंग्लंडात छापली गेली. तिच्यातल्या बऱ्याच हकिगती अवधातल्या, सुलतानपूरच्या आसपासच्या आहेत.

त्यातली एक वाचून पुस्तक मिटता येत नाही. मार्च १८४३. गव्हाची कापणी चालू होती. आई शेतात राबत होती आणि तीनेक वर्षांचा मुलगा जवळच होता. त्याचा डावा गुडघा काही दिवसांपूर्वी भाजला होता. लांडग्याने त्याला उचलून नेलं. काही वर्षांनी शिपायांना लांडग्याच्या पिल्लांबरोबर एक मुलगा सापडला. आईने गुडघ्यावरचा डाग आणि दातांच्या खुणा पाहून त्याला ओळखलं. तो बोलेना, शिजवलेलं खाईना, कच्च्या मांसावर तुटून पडे. दोनेक महिन्यांनी तिने हात टेकले आणि मुलाला गावाच्या दयेवर सोडलं.

स्लीमन हे सगळं खरं मानून लिहितो. मला त्यातली आई खरी वाटते, लांडगी नाही. मूल हरवलेली बाई आणि कुणीतरी टाकून दिलेलं, न बोलणारं पोर यांची गाठ पडली, तर उरलेली गोष्ट गाव रचतं. याच सुलतानपूर-प्रतापगड-जौनपूर पट्ट्यात १९९६ मध्ये लांडग्याने मुलं नेण्याचे प्रकार पुन्हा घडले. वन्यजीव शास्त्रज्ञ यादवेंद्रदेव झाला आणि दिनेश शर्मा यांनी त्यांचा तपास केला. तेव्हाही गावोगावी बोलणं चालू होतं ते लांडग्याचं रूप घेणाऱ्या माणसाचं.

लांडगीला हे जमेल का?

तान्ह्या बाळाच्या बाबतीत, नाही. लांडग्याची पिल्लं आठ-दहा आठवड्यांत अंगावरचं दूध सोडतात आणि मोठ्यांनी ओकून दिलेल्या मांसावर वाढतात. काही महिन्यांत ती कळपामागे धावू लागतात. माणसाचं मूल त्या वयात धड बसतही नाही. सोलापूर-पुण्याच्या माळरानांवर आजही लांडगा आहे. धनगराला विचारा, लांडगा कोकरू नेतो, पाळत नाही.

अमला आणि कमला

समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी अजरामर केलेल्या या दोघी. १९२० मध्ये मेदिनीपूरचे मिशनरी जे. ए. एल. सिंग यांनी त्यांना लांडग्यांच्या बिळातून काढल्याचं सांगितलं. अमला पुढच्याच वर्षी गेली, कमला १९२९ मध्ये. सिंग यांची रोजनिशी १९४२ मध्ये अमेरिकेत छापली गेली आणि जगभर गाजली. पुढे समाजशास्त्रज्ञ ऑगबर्न आणि मानववंशशास्त्रज्ञ निर्मलकुमार बोस यांनी तिथे जाऊन चौकशी केली. भक्कम पुरावा हाती लागला नाही. फ्रेंच संशोधक सर्ज आरोल यांच्या मते तर रोजनिशी कमलाच्या मृत्यूनंतर लिहिलेली होती आणि कमलाला जन्मजात मेंदूचा विकार होता. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९५९ मध्येच अशी मुलं स्वमग्न असावीत असं मांडलं होतं. तरीही अमला-कमला पुस्तकांतून हलल्या नाहीत. ‘माणूस समाजात घडतो’ हे शिकवायला इतकं सोयीचं उदाहरण कोण सोडेल?

‘मला लांडग्यांनी सांभाळलं’

ही मुलं स्वतः काही सांगू शकली नाहीत, दावा नेहमी दुसऱ्यांनीच केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र बोलता-लिहिता येणारे दावेदार पुढे आले. अमेरिकेत राहणाऱ्या मिशा डेफोन्सेका यांनी १९९७ मध्ये आत्मकथा छापली: आपण ज्यू, नाझींनी आईवडील नेले, त्यांच्या शोधात युरोप पायी तुडवला, वाटेत लांडग्यांनी आसरा दिला. पुस्तकावर फ्रान्समध्ये चित्रपटही निघाला. मग बाप्तिस्म्याची नोंद आणि १९४३ सालचं शाळेचं रजिस्टर सापडलं. २००८ मध्ये त्यांनी कबूल केलं की आपण बेल्जियमच्या कॅथलिक कुटुंबातल्या. आईवडिलांना नाझींनी नेलं होतं, तेवढं मात्र खरं.

स्पेनच्या मार्कोस रोद्रिगेस पांतोखाचं प्रकरण वेगळं. बापाने त्याला सातेक वर्षांचा असताना विकलं. ज्या गुराख्याकडे तो राहिला तो गेल्यावर सिएरा मोरेना डोंगरात मार्कोस एकटा उरला आणि १९६५ मध्ये पोलिसांच्या हाती लागला. लांडगीने आपल्याला मांस भरवलं, असं तो सांगे. त्याचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ जानेर मानिला यांनी त्याला खोटारडा ठरवलं नाही. एकट्या पोराने जनावरांच्या सहवासाला माया समजून घेतलं, असं त्यांचं मत पडलं. डोंगरात जाण्याआधी मार्कोसला बोलता येत होतं, म्हणूनच त्याची गोष्ट आपल्यापर्यंत त्याच्याच तोंडून आली.